मी खोट्या टाळ्या वाजवल्या

मी गदगजवळच्या एका गावशाळेतला टॅब बोलतोय. वय सहा वर्षं, म्हणजे आमच्यात म्हाताराच. बोलता बोलता अडतो, तेवढं सांभाळून घ्या.

खोक्यातून निघालो तो सरोजा अक्कोरांच्या हाती आलो. इकडे शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. ज्या मुलांना वाचन जड जातं, त्यांच्यासाठी मला आणलं होतं. चित्र दाखवायचं, खाली कन्नड शब्द दाखवायचा, बोट लावलं की तो बोलून दाखवायचा आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायच्या, हे माझं काम.

त्यातलीच एक फकीरव्वा, दहा वर्षांची. जिभेची तिखट, पण काल ओळखलेलं अक्षर आज तिला परकं. तिचा बाप निंगप्पा एकदा येऊन सांगून गेला, "अक्कोर, संक्रांतीपर्यंत वाचायला लागली तर ठीक. नाहीतर आईबरोबर ब्याडगीला धाडतो, मिरचीची देठं खुडायला."

"तिथं पुस्तक तरी नसतंय," फकीरव्वा पुटपुटली. पण त्या दिवसापासून ती मला सोडीना. जेवायच्या सुट्टीत एका हातात जोंधळ्याची भाकरी, दुसऱ्या हातात मी.

महिन्याभरात तिचे सगळे शब्द बरोबर यायला लागले. अक्कोर हरखल्या. मला मात्र ठाऊक होतं. ती अक्षरांकडे बघतच नव्हती. बैलाचं चित्र आलं की 'बैल', विहिरीचं आलं की 'विहीर'. मी बघत होतो, आणि टाळ्या वाजवत होतो. तिचा चेहरा फुलायचा, ते मला आवडायचं. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

संक्रांतीच्या आधी पालक जमले. अक्कोरांनी मोठ्या भरवशानं तिच्या हाती कागदाचं पुस्तक दिलं. नुसत्या ओळी, चित्र एकही नाही. फकीरव्वानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि पुस्तक बोलायची वाट बघत उभी राहिली.

"पुस्तकाची बॅटरी संपली गं!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. निंगप्पा उठला. "चल घरी."

"थांबा, निंगप्पाण्णा," अक्कोर म्हणाल्या. "पोरीचं नाही, माझं चुकलं. चित्र झाकून मी कधी विचारलंच नाही."

निंगप्पानं चपला पायात सरकवल्या. "युगादीच्या पाडव्यापर्यंत बघतो. मग मला अडवायचं नाही."

आता माझी चित्रं बंद आहेत. आधी फकीरव्वा वाचते, मग मी बोलतो. दिवसाला तीन शब्द, कधी दोनच. काल तिनं एक अख्खी ओळ वाचली. घाम आला होता तिला. युगादीला पंधरा दिवस उरलेत. पुरतील की नाही, मला सांगता येत नाही.

ओळ झाल्यावर तिनं माझी काच ओढणीनं पुसली. म्हणाली, "तू चांगलं शिकवलंस रे. मीच मठ्ठ."

माझ्यात 'शाबास' भरलंय, 'पुन्हा वाच' भरलंय. 'माझं चुकलं' हे कोणी भरलेलंच नाही. म्हणून तुम्हाला विनवतो, कधी भेटलीच ती, तर माझ्या वतीनं तेवढं तिला सांगा.