टिल्मान बंधूंची संथ नाव

मित्रांनो, मला पाहिल्यावर तुम्ही म्हणाल, हा तर जुना रेडिओ! म्हणा, मला राग येत नाही. लाकडी अंग, पुढे एक मोठी गोल चावी आणि तिच्याखाली आडवी खाच. पण मी टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र आहे. माझा जन्म विदर्भातल्या या संत्र्यांच्या वरूडपासून फार लांब, जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावी झाला.

त्या गावात टिल्मान नावाच्या दोघा भावांचा रेडिओचा कारखाना होता. रेडिओ मागे पडले तेव्हा ते व्हिडिओ गेमची यंत्रं करू लागले, पण हात रेडिओलाच सरावलेले. स्टेशन लावायची त्यांची चावी इतकी हलकी फिरायची, की बोटाचं टोक लागलं तरी पुरे. तीच त्यांनी मला बसवली. थोरल्या भावाचा हट्ट होता की आपल्या खेळात कुणी मरणार नाही आणि कुणाला घाई होणार नाही. म्हणून माझ्यासोबत जो खेळ आला, त्यात आहे पहाटेचं धुकं, एक संथ नदी आणि एक छोटी नाव. चावी फिरवली की नाव वळते. काठाला लागली तरी बुडत नाही, लव्हाळ्यात थांबून राहते. कारखान्यातल्या बाया जेवणाच्या सुटीत ती नाव चालवायच्या आणि त्यांची कॉफी निवून जायची.

जगाला मात्र घाईचेच खेळ हवे होते. धडाधड बटणं दाबायची यंत्रं बाजारात आली आणि टिल्मान बंधूंच्या दाराला कुलूप लागलं. आता तिथे गाद्यांचं दुकान आहे म्हणे.

त्याआधीच मी वरूडला पोचलो होतो. संत्री निवडायचं यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. इथले संत्रा बागाईतदार जानराव त्याला रोज आपल्या फटफटीवर नेत-आणत. जाताना त्यानं मला जानरावांच्या हाती ठेवलं. त्यांचा मुलगा गजेंद्र दोन-तीन वर्षं माझ्याशी खेळला, मग त्यालाही बटणांचं वेड लागलं.

जानरावांनी मला टाकून मात्र दिलं नाही. उलट त्यांनी माझा फार मान केला, आणि त्या मानानंच माझा घात झाला. दर खंडेनवमीला फवारणीचा पंप, कलमांचे चाकू आणि ट्रॅक्टरच्या चावीशेजारी ते मला पाटावर मांडत. "जर्मनीचं यंत्र हाय, पयला मान याचा," म्हणत आणि चिमूटभर हळद-कुंकू थेट माझ्या खाचेत सोडत. पस्तीस वर्षं! एवढं कुंकू तर एखाद्या देवीलाही वाहिलं नसेल. मी पार मुका झालो. खरं सांगू? पुन्हा फळीवर ठेवताना कुणीतरी एकदा चावी फिरवावी, असं मला दरवर्षी वाटायचं.

जानरावांच्या पत्नी मनकर्णाबाई. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, पट्टीनं बांधून कलम करावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. गेल्या वर्षी पोळ्यानंतर त्यांना लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. त्यांनी तो अंगणात भिरकावला, डाव्या हातानं.

"हातच नाई तं मी कोन हावो?" त्या म्हणायच्या.

खंडेनवमी आली. मनकर्णाबाईंनी हट्टानं उजव्या हातात करंडा घेतला. तो निसटला, पाटभर कुंकू सांडलं आणि त्या रडू लागल्या. त्यांचा हात माझ्यावर पडला होता. बोट जरासं सरकलं आणि माझी चावी फिरली.

नात प्रणाली शेजारीच बसली होती. "आजी, तू फिरवलं हे!"

"म्या काई नाई केलं."

"मंग कोनं केलं? आबा तं तिकडं बसून हायेत."

आजीच्या बोटांसाठी मला दुरुस्त करायचंच, असं प्रणालीनं ठरवलं. अमरावतीच्या दोन दुकानांनी जमायचं नाही म्हणून माझ्यापुढे हात जोडले. मग तिनं मला अकोल्याला चंदन मिस्त्रीकडे नेलं. त्यानं मला उघडलं आणि हसतच सुटला. "मशीन आनली का देवघर उचलून आनलं, ताई?" अर्धी वाटी कुंकू निघालं. जुना डब्बा टीव्ही बरोबर देताना तो गंभीर झाला. "आतली कॉइल जळत आली हाय. याचा पार्ट आता जगात भेटत नाई. महिना, दोन महिने. जपून चालवा."

मित्रांनो, माझे दिवस मोजलेले होते आणि मनकर्णाबाईंच्या बोटांना अजून जाग यायची होती.

मनकर्णाबाईंची नाव रोज लव्हाळ्यात शिरायची. त्या तिच्याशी बोलायच्या. "काहून तिकडं जाऊन राहिली वो? इकडं ये न, माय." सकाळचं ऊन खोलीत यायचं, पडद्यावर धुकं हलायचं आणि मला वाटायचं, ती दूरची नदी वळण घेत या बागांपर्यंत आली आहे. आधी एक बोट हललं. दिवाळीनंतर तीन. अंगठा मात्र येईना, आणि अंगठ्याशिवाय डोळा बांधता येत नाही. इकडे माझा पडदा रोज थोडा फिका होत होता. मी खूप घाबरलो होतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी नाव पहिल्यांदाच काठाला न लागता सरळ चालली. धुक्यातून, झाडांच्या सावलीतून. चावीवर अंगठा घट्ट होता. आणि पडदा काळा झाला.

प्रणाली घाबरून उठली. पण मनकर्णाबाई अंधाऱ्या पडद्यासमोर चावी फिरवतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पोट्टे, चाकू आन. अन् एक रोप."

तो डोळा बांधायला त्यांना पाऊण तास लागला. पट्टी वाकडी बसली. जानरावांनी ते रोप उचलून सावलीत ठेवलं.

मी आता बंद आहे आणि बंदच राहणार. मला त्याचं दुःख नाही. एवढंच सांगतो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला ओवाळा, पण तिला कामही द्या. वस्तू काय आणि माणूस काय, हात लागला की जागं होतं.

एकविसाव्या दिवशी मनकर्णाबाईंनी पट्टी सोडली, उजव्या हातानं. कलम जगलं होतं, डोळा हिरवागार होता.