थोरलीच्या अंगावरचा फ्रॉक

"माझ्या दुकानातून आजपर्यंत साधा रुमाल हरवलेला नाही," घडीकाका कोट काढता काढता म्हणाले. "मोजासुद्धा नाही. आणि मोजा म्हणजे तुम्हाला माहितीय, तो मुळात हरवायलाच जन्माला येतो."

हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. संग्रहालयाच्या दाराशी खिडकीत बसलेल्या बाईने फक्त एवढंच सांगितलं होतं, की जाड कोट आणि पिशव्या आत न्यायच्या नाहीत, इथे ठेवायच्या, आणि जाताना टोकन दाखवून परत घ्यायच्या. पण टोकन हा शब्द कानावर पडला की घडीकाकांची कळी खुलायची. तीसेक वर्षं लाँड्री चालवलेला माणूस तो. टोकन म्हणजे त्यांच्या घरचा देव.

बाईने पितळी टोकन पुढे सरकवलं. घडीकाकांनी बोलता बोलताच ते उचललं, सदऱ्याच्या आतून नेहमीची सेफ्टी पिन काढली, टोकन कोटाच्या कॉलरला आतल्या बाजूने व्यवस्थित टाचलं, बाह्या आत मुडपून कोटाची सुरेख घडी केली, वरून एक थाप मारली आणि कोट बाईच्या हातात दिला. "सोमवारी मिळेल" हे शब्द ओठांवर आले होते, ते तेवढे त्यांनी गिळले.

बिचाऱ्यांचा दोष नव्हता. आयुष्यभर टोकन कपड्यालाच लावलं होतं. लाँड्रीत टोकनाचे दोन तुकडे असतात, एक कपड्याला आणि एक गिऱ्हाइकाला. इथे एकच होतं. पण हे कळायला माणूस कधीतरी काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभा राहिलेला असावा लागतो. घडीकाका तसे पहिल्यांदाच उभे होते. मागे रांग वाढत चालली होती. बाईने न बघताच कोट पडद्याआड नेला.

"चला भावजी," त्यांची मेव्हणी म्हणाली. "कोट ठेवलात, आता तोंडही थोडं ठेवा."

ही मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. बायको गेल्या थंडीत गेली. ती गेली तेव्हाही घडीकाकांनी दवाखान्याच्या खाटेवरची चादर काढून तिची चौपदरी घडी करून नर्सच्या हातात दिली होती. नर्स बघतच राहिली. मेव्हणीने तेव्हा तोंड फिरवलं होतं, रडण्यासाठी की हसू लपवायला ते तिचं तिलाच माहीत. घडीकाका हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ते वर्तमानपत्राची घडी करत, बसच्या तिकिटाची करत. एकदा तर त्यांनी डास मारून तो कागदात घडी घालून टाकला होता.

आज दोघं इथे आली होती ती थोरलीला भेटायला.

थोरली म्हणजे दगडाची बाई. बायकोच्या माहेरी नदीकाठी कपडे धुवायची जागा होती, तिथे ती उभी असायची. हात तुटलेले, नाक झिजलेलं, वय कोणालाच माहीत नाही. धुणाऱ्या पोरी तिला थोरली म्हणत, कारण ती सगळ्यांच्या आधीपासून तिथे होती आणि कामाला हात लावत नव्हती. तिच्या गळ्याला दोरी बांधून कपडे वाळत घालत. बायको लहानपणी आपला फ्रॉक दोरीवर न टाकता थेट थोरलीच्या अंगावर चढवायची. डोक्यातून घालायचा आणि खाली ओढायचा. तिचं म्हणणं, तिलाही कधीतरी काहीतरी घालायला नको का?

मग एक दिवस मोठ्या शहरातून जाणकार माणसं आली. त्यांनी थोरलीला दोरखंड बांधले, गवतात गुंडाळलं, ट्रकवर चढवलं आणि नेलं. बायको तेव्हा नदीत पोहत होती. बाहेर येऊन बघते तर थोरली नाही आणि फ्रॉकही नाही. जाणकारांनी फ्रॉकसकट उचललेली. ती पोर ओल्या अंगाने ट्रकमागे धावली म्हणे, गावाच्या वेशीपर्यंत.

ही गोष्ट तिने लग्नानंतर शंभरदा तरी सांगितली असेल. आणि थोरली ज्या संग्रहालयात नेऊन उभी केली, ते त्यांच्या घरापासून एका बसच्या अंतरावर होतं. बायको म्हणायची, "जाऊया ना एकदा. माझा फ्रॉक परत मागायचाय." घडीकाका म्हणायचे, "सीझन संपू दे." पण लाँड्रीचा सीझन कधी संपतो? लग्नं झाली की शाळा सुरू, शाळा झाल्या की गरम कपडे, गरम कपडे झाले की पुन्हा लग्नं. रविवारी दुकान बंद असायचं, पण ते फक्त बाहेरून. आत सोमवारच्या डिलिव्हरीची इस्त्री चाललेली असायची. दुकान एक दिवस बंद ठेवलं असतं तर गावातली माणसं काही उघडी फिरली नसती. हे घडीकाकांना आता कळत होतं. रोजच कळत होतं, आणि काहीही उपयोग नव्हता.

संग्रहालय अवाढव्य होतं. एका दालनात राजेराण्या निजलेल्या, दुसऱ्यात नुसत्या तलवारी, तिसऱ्यात दुसऱ्यांच्या देवळांची दारंच्या दारं. मेव्हणी प्रत्येक दारापुढे थांबून म्हणायची, "हे इथे आहे, म्हणजे तिकडे आता भोक असणार."

काही वस्तूंखाली वेगळी पाटी होती. ही वस्तू परत द्यावी की नाही, याबद्दल शंभर वर्षांपासून बोलणी चालू आहेत, असं त्यावर लिहिलेलं.

"म्हणजे डिलिव्हरी बाकी," घडीकाका म्हणाले.

"शंभर वर्षं?"

"गर्दीच्या दिवसांत होतो उशीर."

थोरलीच्या दालनात शिरताना त्यांनी सदरा नीट केला, केसांवरून हात फिरवला. येताना बसमध्ये त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं होतं. ती गेली, यायचं राहून गेलं, चूक माझी, एवढंच. दगडाला सांगायला काय लाज? घरातल्या भिंतीला रोज सांगतच होते.

दालनाच्या मधोमध चौथरा होता. चौथऱ्यावर काही नव्हतं.

पाटीवर लिहिलं होतं, की बऱ्याच वर्षांच्या वाटाघाटींनंतर ही मूर्ती तिच्या मूळ भागाला सन्मानाने परत करण्यात आली आहे. मात्र नदीच्या अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव, दोघांनीही ती आपलीच असल्याचं सांगितल्यामुळे सध्या ती एका गोदामात, पेटीतच ठेवलेली आहे.

मेव्हणी पाटीवरची तारीख वाचून मटकन बाकावर बसली. "परवा परवापर्यंत इथे होती भावजी. गेल्या वर्षीपर्यंत." आणि मग हळूच म्हणाली, "ताई होती तोवर होती."

 घडीकाकांनी रिकाम्या चौथऱ्याभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला तरी काही असेल तर बघावं म्हणून. आणि मागच्या बाजूला होतं. भिंतीतल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली एक लहान मुलीचा फ्रॉक टांगलेला होता.

रंग उडून गेलेला. बसमध्ये घडीकाका निळा म्हणाले होते आणि मेव्हणी पिवळा म्हणाली होती. आता दोघंही बरोबर होती आणि दोघंही चूक. एक बटण नव्हतं. घेराची कड दोनदा उसवून लांबवलेली होती, म्हणजे पोर भराभर वाढत होती. खाली लिहिलं होतं, मूर्तीच्या अंगावर आढळलेलं वस्त्र, मालक अज्ञात. मूर्ती परत गेली, पण फ्रॉक कोणी मागितलाच नव्हता, म्हणून राहिला.

घडीकाकांनी काचेला कपाळ टेकलं. पहिल्यांदा त्यांच्या मनात काय आलं तर चुण्यांना उलटी इस्त्री फिरवलीय. मग त्यांनी दोन्ही हात काचेला लावले.

काचेला हात लागला म्हणून दालनाच्या देखरेखीच्या बाई धावत आल्या. घडीकाका त्यांना म्हणाले, "हा फ्रॉक माझ्या बायकोचा आहे. न्यायला आलोय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, माणसं बोलावली नाहीत. बाकावर बसून दोघांचं सगळं ऐकून घेतलं, नदी, थोरली, ट्रकमागची धाव, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा हळूहळू विश्वास बसत गेला. मग त्या म्हणाल्या, की गोष्ट खरी वाटतेय, मी वर सांगेन, वरची माणसं ऐकतील असंही वाटतं. फक्त एक करा.

"फ्रॉकच्या खिशात एक वस्तू सापडली होती. ती इथे मांडलेली नाही, आत ठेवलीय. काय होतं खिशात? तेवढं सांगा, बस."



खिसा! अहो, खिसा तर घडीकाकांच्या चांगला लक्षात होता. बायको ती गोष्ट सांगायला लागली, की घडीकाका इस्त्रीवरून मान न उचलता दर वेळी तोच विनोद करत. "खिसे तपासले होतेस का?" धुवायच्या आधी खिसे तपासणं हा धंद्याचा पहिला नियम, म्हणून तो विनोद. ती हसायची आणि म्हणायची, नाही ना, त्यात माझं अमुक राहिलं. दर वेळी सांगायची. आपला विनोद त्यांना लख्ख आठवत होता. तिचं हसणंही ऐकू येत होतं. पुढचा शब्द तेवढा इस्त्रीच्या वाफेत गेला होता. ते तेव्हा पुढच्या कपड्याची घडी करत असायचे.

त्यांना गावातल्या प्रत्येक माणसाची कॉलर माहीत होती. कोणाची कुठे झिजते, कोणाच्या बाहीला शाई लागते, कोण कोणाच्या घरून दुसऱ्याचा सदरा घालून येतो, सगळं.

"रुमाल," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली.

"खडू? छोटा खडूचा तुकडा?"

"भावजी," मेव्हणी म्हणाली, "ही काय पैज आहे का?"

"तू सांग ना मग. तुझी बहीण होती."

"मी पाळण्यात होते तेव्हा. आणि मला कशाला सांगेल ती? तुम्हाला सांगायची."

बाई अवघडून गेल्या. त्या म्हणाल्या, मला सांगता येत नाही हो, मी सांगितलं तर उद्या कोणीही येऊन तेच सांगेल.

"बरोबर आहे तुमचं," घडीकाका म्हणाले. आणि त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं, तीच तर पंचाईत होती. एकदा एक नवरदेव टोकन हरवून आला होता. वरात दाराशी उभी, बँडवाले ताटकळलेले, आणि सूट समोर टांगलेला दिसत होता. घडीकाकांनी दिला नाही. नवरदेवाने मामाच्या कोटात लग्न केलं. त्या रात्री बायको म्हणाली होती, "एवढं काय हो? तोच होता तो." घडीकाका म्हणाले होते, "तोच होता हे मला माहीत. टोकनाला कुठे माहीत?" या वाक्यावर ते पुढे कित्येक वर्षं खूश होते.

निघताना त्यांनी एकदा काचेवरून बोट फिरवलं, चुण्यांच्या सुलट दिशेने, वरून खाली. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर कोटांच्या खिडकीतल्या बाईने हात पुढे केला. "टोकन?"

घडीकाकांनी खिसे चाचपले. एक, दुसरा, पुन्हा पहिला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "टोकन कोटालाच आहे," ते म्हणाले. "मी टाचलं. कॉलरला, आतून."

"कोटाला कशाला टाचलंत?"

"कोट शोधायला लागतो ना."

मेव्हणीने कपाळावर हात मारला आणि तो तिथेच ठेवला.

बाई पडद्याआड गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, की टाचलेलं टोकन आहे खरं, पण ते सकाळी रांगेतल्या सगळ्यांनीच बघितलं असेल. टोकन नसेल तर आम्ही तीन गोष्टी विचारतो. रंग?

"काळा."

"खूण?"

"डाव्या बाहीला रफू. मीच केलंय, दिसायचं नाही तुम्हाला."

"दिसलं," बाई म्हणाली. "खिशात काय आहे?"

घडीकाका ताठ झाले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना पक्कं उत्तर माहीत होतं. "काही नाही. लाँड्रीवाला खिशात काही ठेवत नसतो."

बाई पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "हा तुमचा कोट नाही. त्याच्या खिशात वस्तू आहे."

मेव्हणी भांडली. उद्या संध्याकाळी या, बाई म्हणाली, तोवर कोणी आलं नाही तर बघू. मेव्हणी आणखी भांडली. घडीकाका तिला म्हणाले, जाऊ दे, शेवटची बस जाईल. आणि खिडकीतल्या बाईला म्हणाले, "नीट ठेवा. घडी मोडू नका."

बसमध्ये मेव्हणीने त्यांच्या खांद्यांवर आपली शाल टाकली.  मग ती म्हणाली, "झालं. तिचा फ्रॉक आत, तुमचा कोट आत."

घडीकाकांनी शालीचं टोक मांडीवर घेतलं, घडी करायला घेतली आणि तशीच सोडून दिली.

सोमवारी सकाळी दुकानापुढे गिऱ्हाइकं टोकनं घेऊन उभी होती. घडीकाकांनी नेहमीप्रमाणे कमरेला हात लावला. किल्ली नेहमी तिथे दोऱ्याला असायची, पण काल बाहेर जायचं म्हणून त्यांनी चांगली पँट घातली होती आणि दोरा बांधला नव्हता. किल्ली कोटाच्या खिशात होती.

दुसरी किल्ली बायकोने घरात कुठेतरी ठेवलेली होती. कुठे, ते तिने सांगितलं होतं.

दुकान दिवसभर बंद राहिलं.