चुकीची बंडी

आमच्या सासरी सगळ्यांची थट्टा व्हायची, फक्त माझी नाही. चांदूर रेल्वेच्या त्या फुलमाळ्याच्या घरात सासरे नत्थुजी घोरण्यावरून, नणंद वच्छला खादाडपणावरून, इतकंच काय, आमचा तांबडा बैलसुद्धा आळसावरून बोलणी खायचा. मी मात्र अकोल्याची, मराठी चौथी पास! मला सगळे म्हणायचे, "तुमी बसा, सूनबाई." सहा महिने बसून बसून माझं डोकं फिरलं होतं. पाहुणीच ठेवायची होती तर सून करून आणलीत कशाला?

एकोणीसशे अठ्ठावीसच्या कार्तिकात आम्ही झेंडू विकायला बैलबंडीने कौंडण्यपूरच्या जत्रेत गेलो. दुपारी फुलं संपली. मावससासूंच्या घरचे जेवायला आमच्या बंडीत येणार होते, म्हणून मी वर्धा नदीवर पाणी आणायला गेले. पदर नाकापर्यंत ओढलेला. दिसायचे ते नुसते पाय आणि बंड्यांची चाकं. परतताना तांबड्या बैलाचे पाय दिसले, झेंडूच्या पाकळ्या दिसल्या. मी कळशी ठेवली, बंडीत चढले आणि मुकाट्याने भाकरी वाढू लागले.

"काहून वं, नदीच उचलून आनत होती का?" एक बाई म्हणाली.

"चटनी पाहा कशी जपून वाढते," म्हातारा म्हणाला. "मायच्या घरून आनली वाटते!"

सगळे खो खो हसले. आवाज अनोळखी होते, पण मला वाटलं, मावससासूंच्या घरचे. आणि माझी थट्टा चालली होती! पदराआड माझे कान तापले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चटणी दुप्पट वाढली.

तेवढ्यात चाकाशी दुसरी एक पदरवाली येऊन उभी राहिली. तिच्याही कमरेवर कळशी.

"आपली सून तं हे आली," म्हातारा ओरडला. "मंग वाढून कोन राहिली?"

सासूबाई, पार्बताबाई, मला शोधत आल्या आणि हाताला धरून घेऊन गेल्या. आमच्या बंडीत कोणी हसलंसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "उन्हानं झालं असंन. तुमी बसा."

"मी नाही बसत!" मी रडतच ओरडले. "ते मले हासले, तं मले वाटलं तुमीच हासून राहिले. किती बरं वाटलं मले! तुमी कवा हासान?"

सासूबाईंनी माझा पदर कपाळावर सारला आणि सासऱ्यांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"जमुने, हे भेगाचे पाय तुह्या सासऱ्याचे. नीट पाहून ठेव. नाही तं अमरावतीच्या बजारातून दुसऱ्याचाच सासरा घरी आनशीन."

बंडी हलेल इतके सगळे हसले. वच्छला म्हणाली, "वैनी, खरं सांग, चटनी तिकडची चांगली का माह्या मायची?"

"तिकडची," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. सहा महिन्यांतला पहिला.