भीमरावांची शिलाई

चंपाताईंनी पिशवीतले सहा जाडजूड खंड टेबलावर ठेवले, तेव्हा केदारने आधी रुमालाला हात पुसले. तेवढ्यावरच त्या त्याच्यावर खूश झाल्या. जरा घाईच केली त्यांनी.

केदार एका नव्या नाट्यसंग्रहालयाचा व्यवस्थापक. चंपाताई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, वारज्यात दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. संगीत नाटकाच्या प्रयोगाला पूर्वी दारातच पदांची पुस्तिका विकत मिळायची. लोक घरी जाऊन पदं पाठ करायचे आणि पुस्तिका रद्दीत घालायचे. ती रद्दी उपसण्यात ताईंची चाळीस वर्षं गेली होती. खोड मात्र त्यांच्या वडिलांची, आप्पांची. आप्पा, म्हणजे भीमराव, बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात पुस्तकं शिवायचे, आणि घरी आणलेल्या पुस्तिका शिवून त्यांनीच हे खंड केले होते.

आता ताईंच्या घराच्या भिंतींना ओल यायला लागली होती. मुलगा बंगळुरात, त्याला यातलं काडीचं कळत नव्हतं. त्यांच्या माघारी हे सगळं पुन्हा रद्दीतच जाणार होतं. संग्रहालयात गेलं तर टिकेल, आणि दालनाच्या भिंतीवर आप्पांचं नाव लागेल, असं ठरलं होतं. ती पाटी डोळ्यांनी बघायची त्यांना फार इच्छा होती.

केदारने पानं उलटली आणि तो थांबला.

"ताई, यात मध्येच जलशाची गाणी आहेत."

"आहेत ना. एक पुस्तिका नाटकाची, एक जलशाची. सगळे खंड तसेच आहेत."

बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांतून गाऊन सांगणाऱ्या जलशांच्या त्या पुस्तिका. कागद हलका, छपाई घाईची.

"त्याचं काय आहे, आपलं दालन संगीत नाटकाचं आहे," केदार नम्रपणे म्हणाला. पुण्यात नम्रपणा असा आला की माणसाने पिशवी जवळ ओढावी. "जलसे म्हणजे विषय वेगळा. आमचा बाइंडर दोरा कापून नाटकाच्या तेवढ्या काढून घेईल. बाकीच्या तुम्हाला परत. अगदी व्यवस्थित."

"पेटी, तबला, पदं, टाळ्या. वेगळं काय आहे त्यात?"

"समितीचा निर्णय आहे, ताई. मी काय करणार?"

चंपाताईंनी खंड आपल्याकडे वळवला. पुठ्ठे वाचवायला आप्पांनी दोन्ही एकत्र शिवलं असेल, असंच त्या आजवर समजत होत्या. पण पुठ्ठेच वाचवायचे, तर नाटकं पुढे आणि जलसे मागे लावून भागलं असतं. आप्पांनी एकाआड एक लावलं होतं. एकच दोरा नाटकातून जलशात, जलशातून पुन्हा नाटकात फिरवला होता. कुठेही कापा, दोन्ही सुटणार. छापखान्यात मान खाली घालून बसणाऱ्या आपल्या बापाने हे मुद्दाम केलं, हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी कळलं, आणि त्यांचा ऊर भरून आला.

"कापायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पाटीवर भीमरावांचं नाव लागणार आहे."

"त्यांचं नाव या शिलाईत आहे. ती कापून पाटी लावणार होय?"

त्यांनी सहाही खंड पिशवीत भरले. तळाशी एक सुटी पुस्तिका होती, ताईंना जुन्या बाजारात मिळालेली. ती दिसताच केदारचे डोळे चमकले. त्या नाटकाची एकही प्रत संग्रहालयाकडे नव्हती.

"ही तर सुटी आहे. ही तरी द्या."

"उद्या देते," ताई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी आप्पांचा दाभण काढला. दोऱ्याला मेण लावलं, नाटकाची ती पुस्तिका घेतली, खाली-वर घरात सुट्या पडलेल्यांतली एकेक जलशाची ठेवली. बोटं दुखत होती. दोनदा दाभण अंगठ्यात गेला. शिलाई वाकडी आली, आप्पांनी उसवायला लावली असती. गाठ मात्र त्यांच्यासारखीच घट्ट बसली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्या केदारपुढे उभ्या राहिल्या आणि ते बाड त्यांनी टेबलावर ठेवलं. केदारने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"ताई, काल ही सुटी होती."

"होती," चंपाताई म्हणाल्या. "आता भीमरावांच्या मुलीने शिवली आहे. घ्यायची तर अशीच घ्या."