पारडी बदलून

आईचा शेवटचा दिवस इतका साधा होता की मी तो नीट पाहिलासुद्धा नाही. सुट्टीची दुपार होती. मी तिच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि बाहेरच्या खोलीत, म्हणजे तिच्या कारखान्यात, ती माझ्या मुलीशी खेळत बसली होती. कारखाना हा तिचा शब्द. एक लांब टेबल, भिंतीला टांगलेल्या दांड्या आणि साखळ्या, डब्यांत वजनं, आणि कानशीचा बारीक कीस, जो घरभर तळपायांना लागायचा. आई तराजू दुरुस्त करायची. गल्ली तिला काटेवाली म्हणायची. बहात्तराव्या वर्षीही तिला चष्म्याखेरीज कशाची मदत लागत नसे.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला आई भुंगी म्हणायची, कारण प्रश्न विचारायला लागली की तिची भुणभुण थांबत नसे. त्या दिवशी टेबलावर दोन तराजू होते. एकाची पितळी पारडी घासून लख्ख केलेली, दुसरा काळवंडलेला. रिकामे असताना दोन्ही अगदी सरळ उभे. यातला लबाड कोण ते ओळख, असं आईनं भुंगीला सांगितलं होतं. भुंगीनं एका क्षणात काळ्याकडे बोट केलं.

“कशावरून?”

“तोंडावरूनच कळतं की, आजी.”

“तुझी आईही हेच म्हणाली होती. चकाकलं की भुललात. घराण्याची खोडच आहे तुमच्या.”

मग तिनं लख्ख तराजूच्या एका पारड्यात किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात बटाटे. काटा मधोमध आला. आता बटाटे तिकडे आणि वजन इकडे ठेव, असं ती म्हणाली. भुंगीनं पारडी बदलली आणि वजन धाडकन खाली गेलं, बटाटे वर. दांडीची एक बाजू नखभर लांब होती, आणि ते झाकायला त्या बाजूचं पारडं तेवढंच हलकं केलेलं होतं. काळ्या तराजूला मात्र कितीही अदलाबदल केली तरी फरक पडला नाही.

भुंगीनं दोन्ही दांड्या बोटानं मोजून पाहिल्या. मग तिनं वर्गातली गोष्ट काढली. शेजारी बसणारी मुलगी म्हणाली होती की आपल्यासारखी प्रार्थना जे करत नाहीत, त्यांचं देव ऐकत नाही.

मला वाटलं, आता आई काहीतरी सांगेल. ती थेट कधीच सांगत नसे. आमच्या लहानपणीही तिनं एकदा दोरीनं बांधलेला डबा आणून मला आणि माझ्या भावाला विचारलं होतं, यात काय आहे हे कोणाला पक्कं माहीत आहे? भावानं हात वर केला. “हा मोठेपणी प्रवचनं देणार,” आई म्हणाली होती. तो विमा विकतो, म्हणजे ती फार चुकली नाही.

“पारडी बदल,” आई भुंगीला म्हणाली. “तेच वाक्य तू तिला म्हण.”

भुंगीनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. “तिला रडू येईल.”

“मग काटा कुठे गेला?”

“एका बाजूला.”

“झालं तर. देवाच्या नावानं कोणी काही दिलं की घेण्याआधी पारडी बदलून बघायची. देव रागावत नाही गं. त्याचा काटा खरा आहे, त्याला कसली भीती?”

मी हात पुसून आले आणि निघायची घाई केली. चहा घेऊन जा, ती म्हणाली. उशीर होतोय, मी म्हणाले. पुढच्या सुट्टीला हिला पोकळ वजन दाखवते, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या समोरच्या न्हाव्याचा फोन आला. टेबलावर डोकं टेकून ती झोपल्यासारखी बसली होती, चष्मा डोळ्यांवर, हातात कानस.

आईबद्दल लोक काय काय सांगत होते, ते मी आठवडाभर ऐकलं. मला मात्र एकच जागा आठवत होती.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. गल्लीतल्या शिंपिणीचं मूल तापानं गेलं होतं. प्रार्थनागृहात ती मागच्या रांगेत बसली होती, आणि पुढे प्रवचनकार सांगत होते की श्रद्धा पुरी असती तर मूल वाचलं असतं. आवाज मधाळ, डोळ्यांत पाणी. माना डोलत होत्या, माझीही. त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, कारण त्याच आठवड्यात ते जिन्यावरून पडले होते.

आई उभी राहिली. कामाचेच कपडे, बोटं काळी.

“आणि तुमचा हात? तो कोणाची श्रद्धा कमी पडली म्हणून मोडला?”

प्रवचनकार गोंधळले. “पायरी ओली होती,” ते म्हणाले.

“तसाच तिच्या लेकराला ताप आला होता. एवढंच म्हणायचं होतं मला.”

ती मागे आली, शिंपिणीला हाताला धरून उठवलं आणि दोघी दाराकडे निघाल्या. सगळ्या माना त्यांच्याबरोबर वळत होत्या. माझ्या शेजारी शाळेतली नवी मैत्रीण होती. ही बाई कोण गं, तिनं विचारलं. आई तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होती.

“काय माहीत,” मी म्हणाले. “काटेवाली आहे कोणीतरी.”

तिनं ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. घरी आल्यावर तिनं मला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हाक मारून उठवलं. पुढं मी खूप शिकले, पुस्तकांची कपाटं भरली. न्याय कशाला म्हणावं यावर मोठमोठ्या माणसांनी लिहिलेलं वाचलं. त्यातलं काहीही वाचताना मला ती काळी बोटं दिसत, आणि माझं वाक्य ऐकू येई. तिला सांगायचं राहून गेलं. तेहेतीस वर्षं म्हणजे राहून जाणं म्हणायचं का, तेही मला कळत नाही.

आठ दिवसांनी त्याच प्रार्थनागृहात तिच्या आठवणीची सभा झाली. ते प्रवचनकार आता नव्हते. त्यांच्या जागी आलेला माणूस तरुण होता, सज्जन होता, आणि तो आईचं मनापासून कौतुक करत होता. किती शांत बाई, कधी आवाज चढवला नाही, कधी कशावर प्रश्न केला नाही, मुकाट सेवा केली.

भुंगीनं माझी बाही ओढली. “आई, आजी गप्प बसायची?”

पुढच्या रांगेतली म्हातारी शिंपीण मागे वळली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बघायचं टाळतही नव्हती. ती फक्त थांबली होती. मी गप्प राहिले असते तर ती शांत, मुकाट बाई कायमची खरी ठरली असती, आणि माझी आई कोणाच्याच आठवणीत उरली नसती. लख्ख घासलेलं कौतुक होतं ते. अगदी सरळ उभं.

कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, त्या तरुण माणसानं विचारलं. मी उभी राहिले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“ती गप्प बसणारी बाई नव्हती,” मी म्हणाले. “ती याच जागेवर उभी राहून बोलली होती, आणि बरोबर बोलली होती. तेव्हा मला कोणीतरी विचारलं, ही बाई कोण. मी म्हणाले, काय माहीत. आज विचारा.”

कोणी विचारलं नाही. शिंपीणच शेवटी म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “कोण गं ती?”

“माझी आई,” मी म्हणाले. “ती काटेवाली माझी आई आहे.”