जावयाचं वायरिंग

नवीन पनवेलच्या त्या बैठ्या घरात राहायचं तर एक शिस्त पाळावी लागे. नळ सोडायचा तो आधी उलट्या हाताच्या बोटांनी चाचपून. फ्रिज उघडायचा तो लाकडी पाटावर उभं राहून. सरळ तळव्याने नळ धरला आणि त्यात करंट असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपसूक मागे येतो. एवढं वीजशास्त्र सुमतीबाई पन्नाशीनंतर स्वतःच्या अंगावर शिकल्या होत्या, आणि शिकवणारे होते साक्षात जावई.

लेकीचं, आभाचं लग्न झालं आणि पाठोपाठ सुमतीबाईंचे यजमान कृष्णकांतराव मुंबईच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. हे घर त्यांनी तेव्हाच घेतलं. जावई राजस कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर सुपरवायझर. विजेचं शिक्षण काही नाही, पण हौस दांडगी. घरचा माणूस असताना बाहेरचा इलेक्ट्रिशियन कशाला, असं म्हणत त्याने आठवड्याच्या सुट्ट्या खर्ची घालून सगळं वायरिंग स्वतः केलं. अर्थिंगची वायर जमिनीत पुरायची सोडून सरळ पाण्याच्या पाइपला बांधली. गीझरमधून करंट गळायला लागल्यापासून तो त्या वायरने पाइपात उतरू लागला, आणि घरातला प्रत्येक नळ, अगदी फ्रिजसुद्धा, चावरा झाला.

जावयाने केलेल्या कामाला नावं ठेवायची कोणी? जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीच्या नवांची शांत करता येते, याची करता येत नाही. शिवाय लेक त्याच्या घरात. इथे एक शब्द कमी-जास्त झाला की तिथे आभाच्या ताटात दोन वाढले जाणार, हे सुमतीबाई पक्कं जाणून होत्या. भांडी घासणारी भामा दोनदा झटका खाऊन काम सोडून गेली. जाताना दारात म्हणाली, "बाय, तुमी जावयाला भिता. मी मरनाला भिते." 

आभा दिवाळीला, संक्रांतीला येई तेव्हा सुमतीबाई तिला नळाच्या वाऱ्याला उभं राहू देत नसत. बादल्या आधीच भरलेल्या, पाण्याचा तांब्या हातात दिलेला. माहेरी आलीयस, बस, असं म्हणायचं आणि स्वतः पाटावर चढून फ्रिज उघडायचा. लेकीला वाटायचं आई लाड करतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण झाकली मूठ झाकलेली राहत होती.

मग आभाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायची. त्याच न्हाणीघरात, त्याच नळाखाली तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचं, हे मनात आल्यापासून सुमतीबाईंची झोप उडाली. आता मात्र त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, की आभा यायच्या आत रीतसर लायसन्सवाला माणूस आणायचा, आणि जावयाला कळू द्यायचं नाही. कृष्णकांतरावांनी मान हलवली. साहेबासमोर आयुष्यभर हलवली होती, तशीच.

पनवेलच्या लाइन आळीत सुदाम इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. जवळच्या विचुंबे गावचा माणूस. लायसन्स काचेत घालून गणपतीच्या शेजारी टांगलेलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवायची खोड. उद्या येतो म्हणाला की परवा उगवायचा, आणि आल्यावर चहाशिवाय टेस्टर खिशातून बाहेर काढायचा नाही. पण त्याने तपासलेल्या घरात कोणाला झटका बसल्याचं ऐकिवात नव्हतं. एकदाचा तो आला, घरभर फिरला, आणि मागच्या अंगणात जाऊन थबकला.

तिथे जनरेटर होता. भर उन्हाळ्यात वीज जायची म्हणून राजसने कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडून जुना मिळवून सासऱ्यांना भेट दिलेला. आणि तो घराला जोडायची त्याची युक्ती म्हणजे दोन्ही टोकांना पिना लावलेली एक लांब वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये. दोरी ओढली की घरभर उजेड. राजस ही युक्ती पाहुण्यारावळ्यांना करून दाखवायचा.

सुदामने ती वायर हातात धरली ती मेलेल्या सापासारखी. "काकी, ही वायर नाय, नाग हाय," तो म्हणाला. "एक टोक मशीनला आन् मशीन चालू, तं दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या जित्या ऱ्हातान. आन् सॉकेटात घातली तं मेन बंद करूनबी घर जितं. आदी ही कापतो."

कृष्णकांतराव मध्ये पडले. जावई आले आणि त्यांनी वायर मागितली तर काय सांगायचं? कापू नका, काढून ठेवा. सुदाम बराच वेळ बडबडला, पण वायर शेवटी खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली गेली. एवढीच काय ती चूक झाली, आणि ती निव्वळ जावयाच्या मानापायी झाली.

सुदामने मेन स्विच पाडला आणि न्हाणीघरात स्टुलावर चढून गीझरच्या वायरी उघड्या केल्या. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून राजस आभाला ठरल्याच्या आधीच घेऊन आला होता. आभा घामाने डबडबलेली, पाय सुजलेले.  लेक आल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि सुमतीबाई मात्र न्हाणीघराच्या दाराकडे बघत होत्या.

राजसने भिंतीवरचे उघडलेले बोर्ड पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. सुमतीबाईंनी तोंड उघडायच्या आत कृष्णकांतराव बोलून गेले, की वीज बोर्डाचा माणूस आलाय, मीटरची तपासणी आहे, तुमचं वायरिंग बघून खूश झाला. थाप एवढी गोड होती की राजसचा चेहरा उजळला. मग हिला उकाड्यात का बसवायचं, असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, खिळ्यावरची वायर काढली, एक टोक सॉकेटमध्ये खुपसलं आणि दुसरं घेऊन अंगणात उतरला.

सुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आत सुदाम उघड्या वायरींत हात घालून कसलंसं भजन गुणगुणत होता, आणि अंगणात जावई दोरीला हात घालत होता. ओरडावं तर थाप उघडी पडते, गप्प बसावं तर माणूस जातो. विचार पुरा व्हायच्या आत त्या सॉकेटपाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी पिन उपटली, आणि त्याच क्षणी बाहेर जनरेटर फडफडून चालू झाला.

आता नाग त्यांच्या हातात होता. प्लास्टिकचं बूड मुठीत, आणि पुढे दोन पितळी पिना उघड्या, जित्या. वायर खाली टाकावी तर फरशी ओली. परत घालावी तर सुदाम. हात लांब धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आजवर घरात जशा उभ्या होत्या तशाच, फक्त आज ते दिसत होतं.

दिवे लागले नाहीत म्हणून राजस खिडकीशी आला. "आई, पिन निघाली वाटतं. द्या इकडे," म्हणत त्याने गजांतून हात पुढे केला. त्याच्यामागे येऊन उभे राहिलेले कृष्णकांतराव डोळ्यांनी विनवत होते, की निघाली म्हण, निघाली म्हण.

"हात मागे घ्या, राजसराव," सुमतीबाई म्हणाल्या. "आधी जनरेटर बंद करा. मग बोलते."

तो आवाज त्याने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने जनरेटर बंद केला. सुमतीबाईंनी वायर खाली ठेवली.  आत काम करतोय तो बोर्डाचा नाही, मी बोलावलेला इलेक्ट्रिशियन आहे, त्यांनी सांगितलं. तुम्ही केलेल्या वायरिंगचा आम्हाला झटका बसतो, पहिल्या वर्षापासून बसतो, आणि आत्ता दिवे लागले असते तर तो माणूस स्टुलावरून खाली आला नसता.

राजस लाल झाला, मग पांढरा. सुदाम दारात येऊन उभा राहिला होता. राजसने त्याच्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "बाहेरच्या माणसासमोर," एवढंच तो म्हणाला. आभाची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि पाणीही न घेता निघून गेला.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. कृष्णकांतराव कपाळाला हात लावून बसले. आता पोरीचं कसं होणार, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले, जसं काही सगळं सुमतीबाईंच्या हट्टापायी झालं होतं. सुमतीबाईंना स्वतःलाही तेच वाटत होतं. एक जीव वाचला याचं समाधान कुठेच सापडेना. बाळंतपण आटपून आभाला जायचं होतं ते त्याच घरी, त्याच माणसाकडे.

आभा तहान लागली म्हणून उठली आणि कोणी तांब्या आणून द्यायच्या आत नळापाशी गेली. पायाने तिने जमिनीवर काहीतरी चाचपलं. कोपऱ्यातला पाट पायानेच पुढे ओढला, त्यावर चढली, आणि उलट्या बोटांनी नळाला हलकेच टिचकी दिली. मेन बंद होता. घरात विजेचा थेंब नव्हता.

सुमतीबाई बघत राहिल्या. या घरात आभाने नळाला कधी हात लावला नव्हता. "हे तू कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडेही वायरिंग त्यांचंच, असंच आहे, आई. लग्न झालं तेव्हापासून." आभा ग्लास भरत म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर बाबा त्यांना काही बोलले असते. मग मलाच जड गेलं असतं."

 लेकीला त्रास नको म्हणून सुमतीबाई इथे गप्प, आणि आईबापांना त्रास नको म्हणून लेक तिथे गप्प. दोघी एकाच भीतीने आपापल्या पाटावर उभ्या. सुमतीबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

ऊन उतरेपर्यंत सुदामने काम पुरं केलं. मागच्या दारी खड्डा खणून अर्थिंग गाडलं, पाइपची वायर तोडली, आणि ती दोन तोंडांची वायर कोणाला न विचारता कापली. मग मेन चढवून म्हणाला, "आता धरा नळ कसा बी. काय नाय होत."

सुमतीबाईंनी तळवा पसरून नळ घट्ट धरला. गार होता, नुसता गार. त्यांनी आभाला हाक मारली. आभाचा हात नळापर्यंत आला आणि आपोआप उलटा झाला. सुमतीबाई तो हातात घेऊन सरळ करायला लागल्या, तशी आभाने मूठ आवळली.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "सवय मोडली तर तिकडे गेल्यावर पंचाईत होईल."