चुन्यातला पंजा

वीस वर्षं गाईड राजवाड्याच्या मागच्या भिंतीपाशी आला की आवाज खाली आणायचा आणि चुन्यात उमटलेला इवलासा पंजा दाखवून म्हणायचा, "हा धाकट्या राणीचा." थाप त्याची स्वतःचीच होती, आता त्यालाही ती खरी वाटायची.

आज अर्ध्या दिवसाच्या फेरीला एकट्या आजीबाई होत्या. वेशीपासून इथवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. राणीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचा आहे तो. आमचे वडील इथं डागडुजीला गवंडी होते. ओल्या चुन्यात हात दाबला म्हणून त्यांनी त्याला बदडलं. त्याच वर्षी तापानं गेला. त्याचा एक फोटोसुद्धा नाही."

गाईडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो, आजी. यापुढे खरं तेच सांगेन."

"खुळा की काय तू!" आजी कडाडल्या. "बाकी सगळ्या भिंतीला नवा गिलावा झालाय. गवंड्याच्या पोराचा हात कुणी ठेवला असता?"

दुपारच्या पाहुण्यांना त्यानं पंजा राणीचाच सांगितला. फक्त आवाज मुद्दाम खाली आणावा लागला नाही.